कॅनडातल्या तीनशे बारा आया

हळ्ळीखेडच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत बसून मी कॅनडातल्या लोकांचे पूर्वज शोधते. सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधून तिकडं जाऊन वसलेल्या लोकांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या चर्चमध्ये आहेत. त्यांचे फोटो कलबुर्गीच्या एका ऑफिसमार्फत माझ्या लॅपटॉपवर येतात. बाळाचं नाव, बापाचं, आईचं वाचायचं आणि रकान्यात भरायचं. त्यावरून आजची माणसं आपली वंशावळ जुळवतात. फ्रेंच मला येत नाही, पण वाक्यं तीच ती, आठवड्यात सरावले. अक्षर मात्र शाईत बुडालेल्या मुंग्या चालल्यासारखं.

हे काम मला टिकवायचंच होतं. हर्षिता दहा महिन्यांची आहे आणि सध्या तिला जमिनीवरचं सगळं खायचं असतं. काम गेलं तर हुमनाबादच्या शाळेत शिकवायला जायचं, म्हणजे लेकरू दिवसभर नजरेआड. त्यात त्या वह्यांत जन्म आणि मरण एकाच पानावर. वरच्या ओळीत बाप्तिस्मा, खाली आठ दिवसांनी दफन. असं काही आलं की मी उठून झोपलेल्या हर्षिताच्या छातीवर हात ठेवून बघते.

शुक्रवारी अडीच वाजता सुधारानीचा फोन आला. ती ऑफिसात आमचं काम तपासते, मूळची औरादची.

"ताई, तुमच्या पहिल्या गठ्ठ्यातल्या आया कुठं गेल्या हो?"

"म्हणजे?"

"मारी गान्यों, ऑन गान्यों, फ्रान्स्वाज पेलतिये. सगळ्या नवऱ्याच्या नावानं! वहीत काय लिहिलंय ते वाचा की."

वाचलं. 'झां गान्यों आणि त्याची बायको मारी बेलांजे.' मी भरलं होतं, मारी गान्यों.

"अगं, बायको म्हटल्यावर..."

"तिकडच्या बायका लग्नानंतरबी वहीत माहेरचंच नाव लावायच्या. तुम्ही आईचं घराणंच पुसून टाकलंत! पाच वाजता गठ्ठा कॅनडाला जायलाय. दुरुस्त झाला तर तुम्हाला ठेवून घेतील, न्हाई तर माझ्या हातात काय न्हाई."

मला कुणी तसं भरायला सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला. माझं तर लग्नात पहिलं नावही बदललं. माहेरची विजयश्री इथं मंजुश्री झाली, ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं की झालं. तीन आठवडे मी तीच अंगठी त्या बिचाऱ्यांवर फिरवत होते.

मोजलं. तीनशे बारा. आणि हर्षिता चार्जरची वायर चावत होती.

"दे की तिला इकडं," शकुबाई म्हणाल्या. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते. "चार लेकरं वाढवली मी."

"आत्या, इथंच बसा ना. मला दिसेल असं."

"तू तिच्याकडं बघायलीस का मशीनकडं? शेजारी मल्लव्वाच्या दारात नेते. तिच्या शेळीला पिल्लं झालीत."

"पिल्लं? आत्या, लेंड्या असतील! ती तोंडात घालेल!"

"व्हय? अन् तुझा नवरा काय खाऊन मोठा झाला?"

गेल्या. घर एकदम रिकामं झालं. मी दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले, दोनदा परतले. मारी बेलांजे आपल्या जागी आली. ऑन आली, फ्रान्स्वाज आली. काथरीन कारों नावाची एक बाई तर मला ओळखीचीच झाली. अकरा बाळंतपणं, आणि अकराही वेळा मी तिला माहेरातून उठवलं होतं. तिला परत बसवता बसवता सव्वाचार झाले. मग मात्र उंबऱ्याची आठवणच राहिली नाही.

पाचला आठ मिनिटं कमी असताना गठ्ठा पाठवला आणि चप्पल न घालता पळाले.

हर्षिता पोत्यावर बसली होती. मुठीत पिल्लाचा कान, तोंडाभोवती मल्लव्वानं चाटवलेला गूळ. मी तिला नखशिखांत तपासत असतानाच मोबाईल वाजला. सुधारानीचा मेसेज होता: 'घेतला. सोमवारी दुसरा पाठवते. आया नीट भरा.'

"टिकलं का काम?" आत्यांनी विचारलं.

"टिकलं."

"मग जा घरी, चहा टाक. आम्ही येतो मागनं."

मी हात पुढं केले. हर्षितानं माझ्याकडं बघितलं आणि पिल्लाचा कान आणखी घट्ट धरला. मग मीच पोत्याच्या कडेला बसले.