वाणाला ब्रॉडवे

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये रिटायर झालेले मराठी डॉक्टर साधारणपणे गोल्फला, क्रूझला किंवा देवळाच्या कमिटीला लागतात. डॉ. प्रताप कुंटे यांनी ब्रॉडवेच्या जुन्या नाटकांतल्या गाण्यांचा अल्बम काढला. स्वतःच्या आवाजात. टक्सिडो घालून.

त्यांच्या बायकोचा, कांचनचा, याला विरोध नव्हता. तिचा आता कशालाच विरोध नव्हता. विरोधाला ताकद लागते, आणि एकाहत्तराव्या वर्षी उरलेली ताकद तिने गुडघ्यांसाठी राखून ठेवली होती. तिचं म्हणणं एवढंच, की अल्बमची खोकी आल्यापासून तिची गाडी गॅरेजबाहेर उभी असते, आणि ह्यूस्टनच्या उन्हात तापलेल्या गाडीत बसणं म्हणजे भाकरी होणं.

खोकी इतकी का, याला हिशोब होता. प्रतापरावांनी ह्यूस्टनमधली मराठी घरं मोजली आणि घरटी एक अशा प्रती मागवल्या. मग अमराठी लोकांवर अन्याय नको म्हणून तेवढ्याच आणखी. ऑनलाइन ठेवा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "अल्बम हातात धरता आला पाहिजे." म्हणून सीडी. कव्हरवर आणि सीडीवरही टक्सिडोतले प्रतापराव एका हॉटेलच्या लॉबीतल्या पियानोला रेलून उभे, आणि खाली नाव: 'ॲन इव्हिनिंग विथ डॉक्टर प्रताप'. कोलेस्टेरॉलवरचं लेक्चर वाटावं असं.

हे वेड जुनं होतं. सांगलीत नाट्यसंगीतावर वाढलेला हा मुलगा रेसिडेन्सीसाठी न्यूयॉर्कला आला आणि सुट्टीच्या दिवशी स्वस्तातलं तिकीट काढून थिएटरात मागे उभा राहायला लागला. "हे त्यांचं नाट्यसंगीतच आहे गं," लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी कांचनला समजावलं होतं. "नाटक थांबतं, माणूस पुढे येतो, आणि जे बोलून होत नाही ते गातो." पुढे चाळीस वर्षं त्यांनी भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं. त्यांच्यासमोर आलेला प्रत्येक माणूस झोपला, आणि त्याबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही.

गाणी त्यांनी निवडली चांगली. फक्त शेवटच्या ओळीत त्यांना राहवत नसे. स्टेशनवर मैत्रिणीचा निरोप घेणारा अमेरिकन शिपाई अचानक भूपाची तान घेई, आणि ती संपेपर्यंत गाडी निघून गेलेली असे.

रेकॉर्डिंग झालं घरातल्याच क्लॉझेटमध्ये, कांचनच्या साड्यांच्या मधोमध, कारण पैठण्या आवाज छान शोषतात. एसीची घरघर माइकमध्ये येते म्हणून एसी बंद. महिना ऑगस्ट. कांचन हॉलमध्ये ओला नॅपकिन डोक्यावर घेऊन बसायची. मिक्सर बंद, कुकर बंद, शिंकायचं असेल तर अंगणात.

तरी तिने हे चालवून घेतलं, त्यालाही कारण होतं. रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने प्रतापराव फ्रीज उघडून उभे राहायचे. काही घ्यायचे नाहीत. आतल्या दिव्याकडे बघायचे आणि दार लावायचे. तासाभराने परत. गाणं सुरू झालं आणि हे थांबलं. अल्बम आला, मंडळाच्या दिवाळीत टेबल मांडलं, तिथे एका आजोबांनी रॅफलच्या सोडतीतलं बक्षीस समजून एक प्रत उचलली आणि खुलासा झाल्यावर परत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कांचन स्वयंपाकघरात आली, तर फ्रीजचं दार उघडं होतं आणि डॉक्टर समोर उभे होते.

तिने फ्रिस्कोला लेकीला फोन लावला.

"आई, नोबडी हॅज अ सीडी प्लेअर," अनया म्हणाली. "बाबाला सांग ना, इट्स ओव्हर."

"तू सांग."

"नो वे."

"मग झालं तर."

मकरसंक्रांतीच्या शनिवारी कांचनने हळदीकुंकू केलं. डॉक्टरांना ब्रिज खेळायला पाठवलं. दरवर्षी वाण म्हणून ती भारतातून आणलेले डबे, बटवे असलं काहीतरी द्यायची. यंदा तिळगुळाच्या पुडीबरोबर तिने प्रत्येकीच्या हातात ब्रॉडवे ठेवला. एकेक नाही, तीन-तीन.

"अय्या, डॉक्टर काय दिसतात!" सुवर्णा बोरकर म्हणाली. "पण काकू, हे लावायचं कशात?"

"लावायचं कशाला? वाण आहे. लुटायचं असतं."

"बरं झालं बाई," दुसरी म्हणाली. "डब्यांना घरात जागाच नाही. हे कसं, चपटं आहे."

ब्रिजहून आल्यावर प्रतापराव गॅरेजमध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. कांचन वाट्या घासत राहिली.

"खोकी कमी झालीत," ते दारात येऊन म्हणाले.

"हो. बायका घेऊन गेल्या."

"मागून घेतल्या?"

कांचनने त्यांच्याकडे पाहिलं. खरं सांगायला चार वाक्यं लागली असती, आणि ती सकाळपासून उभी होती.

"हो," ती म्हणाली.

त्या एका 'हो'ने घर बदललं. प्रतापराव सकाळी सहाला रियाजाला बसू लागले. फ्रीजकडे ते फक्त पाण्यासाठी जायला लागले. कांचनने मग मागे वळून पाहिलं नाही. गुढीपाडवा, चैत्रगौर, कुणाचं डोहाळजेवण, कुणाची वास्तुशांत; जिथे ओटी भरायची तिथे नारळासोबत ब्रॉडवे. एप्रिल संपता संपता गॅरेज रिकामं झालं आणि तिची गाडी आत आली. ती गाडीतच जरा वेळ सावलीला बसून राहिली. इतकं बरं तिला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला.

"सेकंड प्रिंटिंग," प्रतापराव म्हणाले. "डिमांड आहे म्हटल्यावर दुप्पट मागवल्या. आणि ऐक, जूनअखेरीला मंडळाचा हॉल बुक केलाय. लोकांनी इतकं ऐकलंय, आता त्यांना समोर ऐकायचं असणार."

कांचनने गाडी बाहेर काढली. त्या रात्री तिला झोप लागली नाही. तिला समोर हॉल दिसत होता. एकही गाणं न ऐकलेली माणसं ओळीने बसलेली, आणि टक्सिडोतला नवरा विचारतोय, आता कुठलं गाऊ, तुमच्या आवडीचं सांगा.

जूनच्या पहिल्या रविवारी सुवर्णाने जेवायला बोलावलं. जेवणाआधी तिचा नवरा मोहन म्हणाला, "डॉक्टर, चला, आमचं अंजीर दाखवतो. यंदा काय धरलंय!" सुवर्णा स्वयंपाकघरातून "अहो, ऊन आहे! नंतर!" असं ओरडत धावली, पण तोवर मागचं सरकतं दार उघडलं होतं.

अंजिराचं झाड चमकत होतं. फांदीफांदीला दोरे, दोऱ्यांना सीडी, आणि वाऱ्यावर गरगर फिरणाऱ्या प्रत्येक सीडीच्या एका बाजूला टक्सिडोतले प्रतापराव. दिसायचे, नाहीसे व्हायचे, परत दिसायचे.

"अल्बम एकदम हिट आहे, डॉक्टर!" मोहनच्या मनात काही पाप नव्हतं, हाच त्याचा प्रॉब्लेम होता. "दरवर्षी पाखरं सगळं फळ खायची. यंदा एक फिरकत नाही. पाटणकरांनी पेरूला लावल्यात. शेजारचा गोरा पण मागतोय, आहेत का शिल्लक?"

"मोहन," सुवर्णा म्हणाली.

"काय? खरंच मागतोय."

प्रतापराव झाडाजवळ गेले. एक सीडी हातात धरून त्यांनी थांबवली, जसं एखाद्याचं मनगट धरून नाडी बघावी तसं. तेवढ्यात एक काळं पाखरू फांदीवर येऊन बसलं आणि शांतपणे अंजीर खाऊ लागलं.

"हा एकटाच येतो," मोहन म्हणाला. "हा घाबरतच नाही."

"बहिरा असेल," प्रतापराव म्हणाले, आणि आत येऊन जेवायला बसले. आमटी दोनदा घेतली. अंजिराची बासुंदी छान झालीय म्हणाले.

परत जाताना पहिल्या सिग्नलला गाडी थांबली.

"सीडी तू वाटल्यास तर," ते म्हणाले.

"हो."

"वाणाला?"

"आणि ओटीत."

"बायका काय म्हणाल्या?"

"चपटं आहे म्हणाल्या. जागा खात नाही."

प्रतापरावांनी मान हलवली, जणू हा बऱ्यापैकी समतोल अभिप्राय होता. "हॉल कॅन्सल करतो उद्या," ते म्हणाले. "क्लॉझेट पण मोकळं करून देतो तुला."

याच वाक्याची कांचन गेले दहा महिने वाट पाहत होती. आता ते आलं, तर तिला समोरच्या रस्त्याऐवजी उघडा फ्रीज दिसायला लागला, आणि त्याच्या उजेडातला तो चेहरा.

"तुम्ही मला एकदा तरी विचारलंत, कसं झालंय म्हणून?"

"तुला काय विचारायचं? तू घरातच होतीस की."

"कुकरही घरातच होता. त्याला विचारलंत का?"

"म्हणजे तू ऐकलं नाहीस?"

"घाम पुसत होते मी. एक गाणं सलग ऐकलेलं नाही. पंचेचाळीस वर्षांत नाही." तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे मोठ्याने बाहेर पडलं. "बाथरूममधून अर्धं, जिन्यावरून पाव. बायकांना गाण्याबद्दल वाईट सांगितलं असं समजू नका. मला सांगण्यासारखं काही ठाऊकच नव्हतं."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता. प्रतापराव निघाले.

"गा," कांचन म्हणाली.

"आता? गाडीत?"

"हो. पहिल्यापासून. ते स्टेशनवरचं."

"आणि आवडलं नाही तर?"

"तर सांगेन."

दोन सिग्नल मागे पडले. कांचनला वाटलं, झालं, इथेच संपलं. मग पेट्रोल पंपाच्या वळणावर त्यांनी घसा साफ केला आणि सुरू केलं. साथीला काहीच नव्हतं. रस्त्यावर लक्ष ठेवायचं असल्यामुळे हातवारेही नव्हते. सुरुवातीला ते टक्सिडोतल्यासारखे गायले. मग उजवीकडे ट्रक आला, आवाज खाली आला, आणि थोडा वेळ एक दमलेला म्हातारा माणूस कुणाला तरी सांगत राहिला, की गाडी सुटेपर्यंत इथेच उभी राहा, मग जा. एके ठिकाणी आवाज फाटला. त्यांनी तो सावरला नाही. शेवटी तान आलीच, पण गाडी ड्राइव्हवेत वळवताना ती अर्ध्यात तुटली.

इंजिन बंद न करता ते बसून राहिले. हात स्टिअरिंगवर. समोर गॅरेजचं बंद दार. कांचनने ऐकलं होतं. सबंध ऐकलं होतं, आणि आता थाप मारायला जागाच उरली नव्हती.

"बोल," ते म्हणाले.

"सुरुवात फार सजवलेली आहे," ती म्हणाली. "आणि ती तान तिथे कशाला आली, ते मला कळलं नाही. माणूस चाललाय ना?"

तिने सीटबेल्ट काढला. दार उघडलं. एक पाय बाहेर ठेवला.

"मधलं बरं होतं," ती म्हणाली.

ती दुसरा पाय काढणार तेवढ्यात आतून आवाज आला.

"मधलं म्हणजे कुठून कुठपर्यंत?"

कांचनने बाहेर काढलेला पाय आत घेतला आणि दार ओढून घेतलं.