करवतकाठाच्या जागी हत्तीचे पाय

ठकाक-ठक, ठकाक-ठक. बाबनरावांच्या घरी मला पहिल्यांदा वीज जोडली तेव्हा भिंतीपलीकडून हा आवाज येत होता. ते हातमागावर लुगडं विणत होते. आता तो आवाज नाही, बाबनराव नाहीत, मागही नाही. मी मात्र आहे. मी टीव्हीला जोडायचा एक खेळाचा डबा. इतवारीच्या बाजारात चंपतरावांच्या टीव्हीच्या दुकानात, माळ्यावर धूळ खात पडलोय. आणि माझा राग अजून गेलेला नाही.

मी तेव्हाही जुनाच होतो, मुंबईच्या कुणीतरी वापरून विकलेला. बाबनरावांचा मुलगा गिरिधर चंपतरावांकडे नोकरीला. तो घरी बसून माझ्यावर नवा खेळ रचायचा, आणि चंपतराव तो आपल्या नावाने विकणार होते.

माझ्या पोटात चित्रांसाठी थोडीच घरं आहेत. एका घरात चित्राचा एक लहानसा चौकोन मावतो. नवं ठेवायचं तर जुनं काढावं लागतं. गिरिधरला हे मागामुळे लवकर उमगलं. आख्खं लुगडं कोणी डोक्यात ठेवत नाही. काठाची एक नक्षी ठेवायची आणि तीच पुढे पुढे मांडत जायची.

बाबनरावांचा करवतकाठ मात्र वेगळा होता. काठावरच्या करवतीसारख्या दोन दातांमध्ये ते ज्वारीएवढा पांढरा दाणा घालत. दुसरं कोणी घालत नसे. ते गेले. त्यांच्या हातचं शेवटचं लुगडंही विरलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, रुख्माबाईने, काठाची चिंधी कापून जपली. त्या चिंधीवरून गिरिधरने टिंब टिंब करत तो चौकोन माझ्यात भरला आणि मला हुकूम दिला, खेळातल्या राजवाड्याची भिंत या घरातल्या चौकोनाने मांड. मी मांडली. भिंतभर करवतकाठ!

“माय, बाबाचा काठ टीव्हीत येऊन राहिला. दुकानात ये पाहाले.”

“दाणा बी दिसते का रे?”

“दिसते वं माय, दाणा बी दिसते.”

खेळ दाखवायच्या दिवशी सकाळी चंपतराव म्हणाले, “यात हत्ती काहून नाही गा? राजा काय सायकलनं येते?”

“जागा नाही, चंपतराव. हत्ती समोरून दाखवू. अर्धाच ठेवायचा, उरलेला अर्धा त्यालेच उलटवून घेता येते.”

“माह्या दुकानाचा हत्ती अर्धा? चालत आला पाहिजे, पाय हालले पाहिजे. अन् आला का शेवटपर्यंत राहिला पाहिजे.”

खरं सांगतो, जागा होती. दुकानाचं नाव पडद्याच्या माथ्यावर सोनेरी, सावलीसकट पसरलं होतं. माझी कितीतरी घरं त्यानेच अडवली होती. ते जरा आखडलं असतं, तर हत्तीही मावला असता आणि दाणाही. गिरिधरला हे ठाऊक होतं. तरी त्याने करवतकाठाचंच घर रिकामं केलं आणि बाकी हत्ती कसाबसा मावल्यावर उरलेला पाय तिथे ठेवला. भिंतीचा हुकूम बदलायला वेळ उरला नाही, लोक जमू लागले होते.

रुख्माबाई आली. ठेवणीतलं लुगडं, मुठीत ती चिंधी. लोकांनी तिला पुढे जागा करून दिली. राजवाडा आला. भिंतभर हत्तीचे पाय! पायावर पाय, नखांच्या रांगाच रांगा.

“अबे, हत्तींचा बाजार भरला का?” कोणीतरी ओरडलं. दुकानभर हशा उसळला. चंपतरावांनी माझ्या पाठीत बुक्की घातली. “डबाच बिघडला!”

मी बिघडलो नव्हतो. ज्या घरात पाहायला सांगितलं तिथे पाहिलं, जे ठेवलं होतं तेच मांडलं.

रुख्माबाई काचेजवळ गेली. हत्तीच्या नखांमधून तिने बोट फिरवलं. “दाणा कुठी हाय, गिरिधर?”

“मशीनमधी जागा नव्हती, माय.”

मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. वाचणाऱ्यांनो, एकाचं काढून दुसऱ्याचं ठेवायचं असेल तर ठेवा. पण ते डब्यावर ढकलू नका. जागा कुणाला द्यायची हे डबा ठरवत नाही.

रुख्माबाईने पडद्याच्या माथ्याकडे पाहिलं. दुकानाचं सोनेरी नाव तसंच झगमगत होतं. मग तिने मुलाकडे पाहिलं. गिरिधरने मान खाली घातली. तिने चिंधीची घडी केली, कनवटीला खोचली, आणि पायरी उतरून चालू लागली.