डाव्या पायाचा ब्रेक

सिरिल बॅगनॉल कामावर परतला तेव्हा टॅरंट मोटरसायकल कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात कुणी त्याच्याकडे धड पाहिलं नाही. चहा मात्र सगळ्यांच्या आधी त्याच्या टेबलावर आला. मुलगा गेलेल्या माणसाशी काय बोलायचं हे इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत कुणी कुणाला शिकवत नाही. चहा देता येतो, म्हणून तो देतात. सिरिल तो प्यायला. त्यात साखर होती की नाही, हे त्याला सांगता आलं नसतं. त्याला दुःख होत नव्हतं. काहीच होत नव्हतं, आणि त्याचं नवलही वाटत नव्हतं.

नेव्हिल त्याचा एकुलता एक मुलगा, कंपनीचाच टेस्ट रायडर. तयार झालेली गाडी रस्त्यावर पळवून बघायची, हे त्याचं काम. त्या दिवशी पाऊस नुकताच थांबला होता. सरळसोट रस्त्यावर, शेताच्या फाटकातून बाहेर येणाऱ्या लॉरीवर तो जाऊन आदळला. लॉरीवाला पोलिसांना म्हणाला, "शेवटी इंजिन किंचाळलं हो. पोराने वेग वाढवला." मागून येणाऱ्या टपालगाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं की ब्रेकचा लाल दिवा लागलाच नाही. त्यात सँड्राने आदल्याच आठवड्यात साखरपुड्याची अंगठी परत केली होती. लोकांना तर्क लढवायला एवढं पुष्कळ झालं.

सिरिलची बायको विनी अजून रडली नव्हती. ती भांडी घासायची, पुसायची आणि घासलेलीच पुन्हा घासायला घ्यायची. एका संध्याकाळी पाठमोरी राहूनच तिने विचारलं होतं, "सिरिल, आपल्या पोराला जगायचं नव्हतं का?"

तेव्हापासून घरात दुसरं काही बोलणंच झालं नव्हतं.

दुपारी टेस्ट विभागाचा मुख्य आर्थर पेग वर आला. भला माणूस, पण आवाज हळू करायची सवय नाही. ऑफिसभर ऐकू जाईल असं तो कुजबुजला, "गाडी पोलिसांनी परत दिलीय. गिअरचा दांडा तुटला होता का, ते चौकशीत सांगावं लागणार. मी दुसऱ्या कुणाला तरी सांगतो खोलायला."

"मी खोलतो."

"वेडबिड लागलंय का तुला?"

"ड्रॉइंग माझं आहे, आर्थर."

ड्रॉइंग त्याचं होतं, हे खरंच. नेव्हिल चालवत होता त्या 'लॅपविंग' गाडीचं इंजिन दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. शेजारीशेजारी दोन सिलिंडर, पाचशे सीसी, आणि रूप असं की बघणाऱ्याने टोपी काढावी. मग अमेरिकन गिऱ्हाइकाला ताकद हवी झाली, म्हणून साडेसहाशे केलं, मग साडेसातशे. धड तेच, भूक तेवढी वाढत गेली. गाडी इतकी थरथरायची की उतरल्यावरही बोटांना मुंग्या यायच्या. तेल गळायचं थांबलं तर ते संपलं असेल, असं गिऱ्हाइकंच हसत सांगायची. तिकडे जपानी गाड्या बटण दाबताच सुरू होत होत्या आणि खाली थेंब सांडत नव्हता. टॅरंटने काय केलं? टाकीला नवा रंग दिला.

मग अमेरिकेने कायदा केला: गिअरचा दांडा डाव्या पायाशी हवा आणि ब्रेक उजव्या. टॅरंटच्या गाड्यांत पहिल्यापासून नेमकं उलट. नवा गिअरबॉक्स काढायला कंपनीकडे पैसा नव्हता. सिरिलने जुन्याच गिअरबॉक्सच्या मागून एक आडवी सळई डावीकडे काढून दिली आणि ब्रेक उजवीकडे नेला. घर तेच ठेवून दार परसात काढल्यासारखं. साहेबांनी पाठ थोपटली. टेस्ट रायडर मात्र कावले. "अमेरिकेत काय उलट्या पायांची माणसं राहतात?" ज्याचा पाय चुकीचा पडेल त्याने सगळ्यांना बिअर पाजायची, अशी रीतच पडली. नेव्हिलवर ती पाळी एकदाही आली नव्हती. बाप कॅन्टीनमध्ये हे मान ताठ करून ऐकायचा.

शेडमध्ये ताडपत्रीखाली गाडी होती. पुढचं चाक कुठे आणि इंजिन कुठे, ते सिरिलने बघितलं नाही. तो सरळ गिअरबॉक्सपाशी बसला. मनातून त्याला सळई तुटलेली हवी होती. ड्रॉइंग चुकलेलं असू दे, नोकरी जाऊ दे, पण विनीला सांगता येईल, गाडी मोडली.

सळई शाबूत होती. एक रेघ नव्हती तिच्यावर.

त्याने झाकण उघडलं. त्या सरळ रस्त्यावर टेस्ट रायडर कायम पाचव्या गिअरमध्ये असतात, तसा नियमच आहे. गाडी दुसऱ्यात होती. डावा दांडा एकदा दाबला की एक गिअर उतरतो. तो तीनदा दाबला गेला होता, आणि इतक्या जोराने की वाकून सांगाड्याच्या खालच्या नळीला टेकला होता. आतल्या गिअरच्या कडा ताज्या तुटल्या होत्या. म्हणजे क्लचही ओढला नव्हता. असे गिअर कुणी बदलत नाही, नेव्हिल तर नाहीच.

"काय दिसतंय?" मागून पेगने विचारलं.

सिरिलने वाकलेल्या दांड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "तो गिअर बदलत नव्हता. ब्रेक मारत होता."

वेग तसाच आणि गिअर खालचा, म्हणून इंजिन किंचाळलं. ब्रेकला पाय लागलाच नाही, म्हणून दिवा लागला नाही. पेगने टोपी काढून हातात धरली.

"पोरगा कधी चुकला नाही रे."

"विचार करायला वेळ असेल तेव्हा नाही चुकला."

नेव्हिलला गाडी सिरिलनेच शिकवली होती, घरामागच्या गल्लीत, जुन्या पाचशेवर. रस्ता ओला असला की पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, डाव्या पायाखालचा ब्रेक दाबायचा. पायाने डोक्याला विचारत बसायचं नाही. हे त्याने पोराकडून घोटून घेतलं होतं.

घरी विनी बटाटे सोलत होती. सिरिलने कोटही न काढता खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं, गिअरचं, दिव्याचं, आवाजाचं. ऐकता ऐकता तिचा सोलणारा हात थांबला.

"म्हणजे तो थांबायला बघत होता?"

"तीनदा दाबला त्याने. जीव खाऊन."

"त्याला घरी यायचं होतं."

"हो, विनी."

मग ती रडली. इतक्या दिवसांचं सगळं एकदम आलं. तिने टेबलावरून हात पुढे करून सिरिलचा हात धरला आणि "देवा, बरं केलंस," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. सिरिलला बरंही वाटत नव्हतं, वाईटही नाही. तिचा हात ओला आहे आणि त्याला बटाट्याची माती लागली आहे, एवढंच त्याला कळत होतं.

थोड्या वेळाने तिने नाक ओढलं. अगदी साधेपणाने, काही मनात न ठेवता ती म्हणाली, "पण ब्रेक तर डाव्या पायालाच असायचा ना? तिथून हलवला कुणी?"

"मी."

डोळे पुसायला विनीने हात काढून घेतला. पुसून झाल्यावर तिने तो आपल्या मांडीवर ठेवला.