ज्याचं त्याचं मीटर

"जग न्यायावर उभं आहे," ऑडिटरसाहेब स्वयंपाकघरात म्हणाले. त्या वेळी त्यांच्या डाव्या हातात विजेचं बिल होतं, आणि उजवा हात त्यांनी वाक्याला वजन यावं म्हणून टेकवला तो शिंपीणबाईंच्या इस्त्रीवर. इस्त्री चालू होती. त्यानंतर जग बराच वेळ नळाखाली उभं होतं.

मजला भाड्याचा. खोल्या तीन, स्वयंपाकघर सामाईक आणि विजेचं मीटर एकच. पहिल्या खोलीत साहेब. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासून निवृत्त झालेले, त्यामुळे आता शेजाऱ्यांचे तपासायला वेळच वेळ. मधल्या खोलीत शिंपीणबाई, त्यांचं मोटारीवर चालणारं शिलाई मशीन आणि ती इस्त्री. शेवटच्या खोलीत टॅक्सीवाला आणि त्याचे वडील. बिल खोलीमागे सारखं वाटलं जायचं. त्यावरून कुरकुर व्हायची, पण ताणून कुणी धरत नसे.

मग बाबा इस्पितळातून परत आले ते ऑक्सिजनचं मशीन घेऊन. म्हणजे बाबा आले आणि त्यांच्यामागून, नाकातल्या नळीला बांधल्यासारखं, मशीन आलं. ते रात्रंदिवस घरघरत राही. डॉक्टरांनी बजावलं होतं, हे बंद करायचं नाही. मशीननं ते मनावर घेतलं आणि बिलानंही.

कुणी कुणाला दोष दिला नाही. साहेब फक्त "बोलायचं नव्हतं, पण" एवढं म्हणाले आणि मग पुष्कळ बोलले. दर खोलीला वेगळं सबमीटर बसवावं, ज्याचं त्यानं भरावं, म्हणजे मनात किंतु राहायला नको. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत टॅक्सीवाला म्हणाला, "आमचं आम्ही भरू." हे तो बाबांच्या खोलीच्या दारातच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो उजाडायच्या आत गाडी काढू लागला.

मीटर कुठं लावायचं हे वायरमननं विचारलं तेव्हा साहेबांनी तत्त्व सांगितलं: हिशेब नेहमी खातेदाराच्या डोळ्यांसमोर असावा. म्हणून प्रत्येक खोलीत पलंगासमोरच्या भिंतीवर मीटर लागलं. साहेब स्वतः झोपण्यापूर्वी आपल्या मीटरकडे एकदा पाहत, आणि त्यांना गाढ झोप लागे.

बाबांना मात्र दिवसभर दुसरं काही पाहायला नव्हतं. मीटरवर एक लाल दिवा होता. वीज जाळली की लुकलुकायचा. जास्त जाळली की घाईघाईनं. बाबा जन्मभर बसवर कंडक्टर होते. विनातिकीट माणूस त्यांना गर्दीत पाठमोरा ओळखू यायचा. आता ते पडल्या पडल्या त्या दिव्याकडे बघत. एकेक लुकलुक म्हणजे फाडलेलं एकेक तिकीट, आणि पैसे भरतोय पोरगा.

महिना भरला. साहेब चष्मा पुसून आकडे उतरवायला आले आणि बाबांच्या खोलीत चकित झाले. धरला होता त्यापेक्षा आकडा खूपच कमी. "बाबा, कमाल केलीत," ते म्हणाले. "आम्ही धडधाकट माणसांनी तुमच्याकडून शिकलं पाहिजे." बाबा ओशाळून हसले. रात्रंदिवस चालणाऱ्या मशीनला एवढी कमी वीज लागली कशी, हा प्रश्न साहेबांना पडला नाही. न जुळणाऱ्या हिशेबांवरच त्यांचा जन्म गेला होता. पण खर्च कमी दिसला की ते माणसाला शाबासकी देऊन मोकळे होत.

शाबासकीचा परिणाम झाला.

एका दुपारी शिंपीणबाई कॉलर शिवत होत्या. शिवण वाकडी गेली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की भिंतीपलीकडची घरघर थांबली आहे. वीज गेली म्हणावं, तर त्यांचं मशीन चालू. त्या तशाच उठल्या, बोटातलं अंगुस्तान न काढता.

बाबांचे ओठ निळसर पडले होते. छाती भात्यासारखी चालली होती, एक हात बटणावर होता आणि नजर समोरच्या भिंतीवर. लाल दिवा शांत होता. बाईंनी बटण दाबलं, नळी नाकाशी नीट केली आणि ओठांवर रंग येईपर्यंत त्यांचा हात धरून बसल्या.

"हे काय चाललंय, बाबा?"

"दुपारी बंद ठेवतो गं. झोपलेल्या माणसाला काय कळतं?"

"झोपला होतात?"

"प्रयत्न चालू होता." मग नळी चाचपत म्हणाले, "फुकट्यांना भर उन्हात गाडीतून उतरवलंय मी, पोरी. कुणाचं ऐकलं नाही. त्याला सांगू नकोस. गाडीवर असतो, लक्ष उडेल त्याचं."

बाईंनी संध्याकाळी त्याला सांगितलं. स्वयंपाकघरात, साहेबांच्या देखत. टॅक्सीवाला गाडीची किल्ली मुठीत धरून स्टुलावर बसला. "आमचं आम्ही भरू, हे मीच म्हणालो," तो म्हणाला. "त्यांना ऐकू जाईल असं."

साहेब हळूच म्हणाले की मशीनपुरती सूट देता येईल.

"सूट नको," बाई म्हणाल्या. "सूट म्हटलं की ते आणखी तासभर बंद ठेवतील. साहेब, जिन्यातला दिवा कुणाच्या मीटरवर आहे?"

"सामाईक आहे."

"का? तुम्ही तर दिवस मावळला की घरात. अंधारात जिना चढतो आम्ही दोघं."

"अहो, पण जिन्यात अंधार ठेवून कसं चालेल?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला नाही.

टॅक्सीवाला उपकाराबद्दल काहीतरी पुटपुटला. बाईंनी त्याला मध्येच तोडलं. ती घरघर थांबली की त्यांची शिवण वाकडी जाते, एक कॉलर आधीच वाया गेली आहे, तिचे पैसे तू देणार आहेस का, असं त्यांनी विचारलं. त्यानं मान खाली घातली.

सकाळी वायरमननं मशीनची वायर जिन्यातल्या दिव्याच्या लायनीला जोडली आणि समोरच्या भिंतीवरचं मीटर उतरवलं. साहेब पलंगाजवळ जाऊन उभे राहिले. ते म्हणाले की हिशेबात चूक झाली, आणि ती त्यांची होती. श्वास ही कुणा एकाची खाजगी बाब नसते, आजपासून या मजल्यावर बाबांचा श्वास सर्वांच्या नावे लिहिला जाईल, आणि बाबांनी त्याबद्दल मनात काहीही आणू नये. टॅक्सीवाल्यानं तोंड फिरवलं. शिंपीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक बोट वर केलं. सगळे जवळ सरकले.

"साहेब," बाबा कसेबसे म्हणाले, "पाय जरा उचलता का? नळीवर उभे आहात."