हातगुण

रत्नागिरीत हरिहर डॉक्टरांच्या हाताबद्दल जेवढं बोललं जाई, तेवढं त्यांच्या डिग्रीबद्दल कुणी कधी बोललं नाही. डिग्री दवाखान्याच्या भिंतीवर काचेत होती आणि तिला आतून वाळवी लागली असती तरी कुणाच्या ध्यानात आलं नसतं. लोक यायचे ते हातासाठी. मोतीबिंदू काढायचा तर हरिहर डॉक्टरांकडेच, त्यांच्या हाताला गुण आहे, असं अगदी पार देवरूखच्या वरच्या वाड्यांपर्यंत म्हणत. डॉक्टर ते हसण्यावारी न्यायचे. पण तीस वर्षं एकच गोष्ट कानावर पडत राहिली की खुद्द देवालासुद्धा ती खरी वाटायला लागते, तसं त्यांचं झालं होतं.

त्या हाताला चैन एकच. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळावर उभं राहून हेलिकॉप्टर उडवायचं. जहाजावर नोकरी करणाऱ्या भाच्याने जपानहून आणलेलं, अडीच हात लांबीचं, रिमोटच्या पेटीवर चालणारं. ते स्पिरिट आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चाले. पोटं साफ करायला देतात ते तेल हा माणूस खेळण्याला पाजतो, असं त्यांची बायको कुसुमताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. पन्नाशी उलटलेला डॉक्टर पेटी गळ्यात अडकवून उभा, हे बघून सुरुवातीला लोकांनी टिंगलही केली. पण ते यंत्र डोक्याएवढ्या उंचीवर एका जागी ठरलेलं ज्याने पाहिलं, तो गप्प झाला. पुढे पळवणं त्यामानाने सोपं, एका जागी उभं ठेवणं महाकर्मकठीण. डॉक्टर तेच करायचे, पाच-पाच मिनिटं.

शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतरच्या रविवारी ते पडलं. वारा नव्हता. यंत्र छान उभं होतं, मग एकदम अंगात आल्यासारखं झुललं, सावरताना दुसरीकडे जास्त कललं आणि पातं कातळावर आपटलं. लाकडी पात्यांच्या चिरफळ्या उडाल्या, शेपटीची नळी वाकली आणि मधली प्लॅस्टिकची फ्रेम, जिच्यावर इंजीन आणि सगळा पसारा बसतो, ती उभी चिरली. डॉक्टरांबरोबर आत्माराम होता. मिरकरवाड्यात मच्छीमार लाँचींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमधला हा फिटर. इंजीन सुरू करून द्यायला तो दर रविवारी यायचा. त्याने तुकडे टोपलीत गोळा केले.

"फ्रेमच कमजोर होती," डॉक्टर म्हणाले. "आधीच चीर गेली असणार."

आत्मारामने चिरेची कड बोटाने चाचपली. कड ताजी, पांढरी होती, आणि जुन्या चिरेत तेल मुरतं हे इंजिनात आयुष्य घालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. तरी तो म्हणाला, "असंल."

खरं काय ते डॉक्टरांनाही ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. पावसाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. बारीक, पण थरथरत होता. सही करताना वेलांटी वाकडी जाई, तर पेन खराब. चहा बशीत सांडे, तर कप काठोकाठ भरलेला. कुसुमताईंनी एक अक्षर न बोलता कपबशी बंद करून त्यांना चहा पेल्यात द्यायला सुरुवात केली, तोही अर्धा, आणि डॉक्टरांनीही एक अक्षर न बोलता तो घेतला. गेल्या महिन्यात एका ऑपरेशनला शेवटचा टाका तीनदा घालावा लागला. नर्सने मान वळवून उगाच कापूस मोजला. पेशंटचं काही बिघडलं नाही, पण त्या दिवसापासून डॉक्टर नव्या पेशंटना 'शिबिरानंतर बघू' असं सांगू लागले.

शिबिर जानेवारीत होतं. देवरूखला एका शाळेत दर वर्षी मोतीबिंदूचं शिबिर भरायचं आणि डॉक्टर तिथे दोन दिवसांत चाळीस डोळे करायचे. यंदाच्या यादीत आत्मारामची आई चिमाही होती. देवरूखपासून दोन कोसांवर तिचं गाव. एक डोळा केव्हाच गेलेला, दुसऱ्याने उजेड तेवढा कळायचा. मागच्या शिबिराला ती आली नव्हती, कारण तिने ग्रामदेवतेला विचारलं नव्हतं. यंदा विचारलं. गुरवाने देवीच्या अंगावर कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, हरिहर डॉक्टरांच्या हाताने डोळा करू काय, असं. उजवी कळी पडली. देवीने कौल दिला आणि चिमाने गाठोडं बांधलं. आता ब्रह्मदेव आला असता तरी दुसऱ्या हाताने तिने डोळा करून घेतला नसता.

हे सगळं आत्मारामनेच डॉक्टरांना सांगितलं होतं, अभिमानाने. तेव्हा पडझड व्हायची होती.

डॉक्टरांनी हट्टच धरला. मोडकी फ्रेम चिकटवायची नाही, प्लॅस्टिक नकोच, जाड अॅल्युमिनियमच्या पत्र्याची नवी फ्रेम करायची. जपान्यांनी केली नाही इतकी पक्की. शिबिराआधी यंत्र पुन्हा हवेत उभं राहिलं पाहिजे. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मनातल्या मनात त्यांनी पैज लावली होती: यंत्र ठरलं, तर हात ठीक आहे.

महिनाभर आत्माराम काम संपवून डॉक्टरांच्या पडवीत येत होता. जुनी फ्रेम जोडून त्याने कागदावर छाप घेतला, पत्र्यावर उतरवला, दोन्ही बाजू एकत्र बांधून कानशीने घासल्या, म्हणजे एकीत दुसरीपेक्षा केसाचाही फरक राहू नये. भोकं एकदम मोठी पाडली नाहीत. आधी बारीक, मग मोठं, शेवटी भोक गुळगुळीत करणारा रीमर फिरवून बेअरिंग बोटाने दाबून जेमतेम जाईल इतकं. एकदा डॉक्टर म्हणाले, इतकं कशाला, थोडं सैल असलं तरी चालेल. आत्माराम म्हणाला, नाय चालनार.

जोडणी डॉक्टर स्वतः करायला बसले आणि तिथे गाडं अडलं. पाती वळवणाऱ्या बारीक दांड्यांच्या टोकाचे स्क्रू तांदळाच्या कणीएवढे. पहिला हातातून पडला, दुसरा पडला, तिसरा आट्यात धरेना. चष्म्याचा नंबर बदलला वाटतं, डॉक्टर म्हणाले. डोळ्यांचा डॉक्टर हे बोलतोय याचं त्यांना हसूही आलं नाही. आत्माराम फरशीवर वाकून स्क्रू शोधू लागला. सापडल्यावर त्याने तो डॉक्टरांच्या हातात दिला नाही, स्वतःच बसवला. मग पुढचेही त्यानेच बसवले. डॉक्टर कंदिलासारखा टेबलदिवा धरून शेजारी बसले होते, आणि भिंतीवर पडलेली यंत्राची सावली सारखी हलत होती.

शिबिराआधीच्या रविवारी दोघं सड्यावर गेले. पिवळं पडलेलं गवत, उघडा कातळ, लांबवर समुद्राची पट्टी. भाच्याने ठेवलेली पात्यांची जादा जोडी बसवली होती. आत्मारामने इंजीन सुरू केलं, एरंडेलाचा धूर सुटला, पाती फिरली आणि यंत्र डोक्याएवढ्या उंचीवर गेलं.

आणि थरथरू लागलं.

पडेल असं नव्हे, पण थंडी भरलेल्या माणसासारखं. डॉक्टरांनी ते खाली उतरवलं. पाती तपासा, ते म्हणाले. आत्मारामने तपासली. दोन्ही पाती एकाच पातळीत फिरत होती. इंजिनाचे बोल्ट बघितले, घट्ट. शेपटी बघितली, सरळ. पुन्हा उडवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा यंत्र वर असताना डॉक्टरांनी एक गोष्ट केली. उजव्या हाताचं बोट पेटीवरच्या दांडीवरून उचललं.

दोन अंक मोजेपर्यंत यंत्र हवेत गुळगुळीत सरकत गेलं. कुठे थरथर नाही, काही नाही. पाण्यावर सोडलेल्या होडीसारखं ते आपलं आपण लांब जाऊ लागलं. डॉक्टरांनी बोट दांडीवर टेकवलं, आणि यंत्राच्या अंगावर पुन्हा काटा आला.

त्यांनी ते सांभाळून खाली उतरवलं, इंजीन बंद केलं आणि कातळावर बसले. पाती थांबायला बराच वेळ लागला.

"जुनी फ्रेम असं करत नव्हती," ते म्हणाले.

"जुन्या फ्रेमीला प्ले व्हता," आत्माराम उभ्याउभ्याच म्हणाला. "बारीकसारीक काय आसंल तां ती खात व्हती. हिला प्ले नाय. जेवडा द्याल तेवडा घेतंय."

"मग थोडी सैल का नाही ठेवलीस? मी म्हटलं होतं तुला."

आत्माराम म्हणाला, "डाक्टर, पडला त्याच दिवशी मी तुमचा हात बघितला व्हता. तुमाला तोंडावर सांगायची माजी काय लायकी? म्हून हिला जराबी प्ले ठेवला नाय. म्हटलां, तीच सांगंल."

डॉक्टरांना राग आला. आधी आत्मारामचा आला, मग त्या पत्र्याचा आणि मग कुणाचाच नाही. त्यांना रडू येत होतं आणि पन्नाशीनंतर रडायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं. स्वतःच्या आईचा डोळा ज्याच्या हातावर सोडलेला, त्यानेच तो हात उघडा पाडला होता. आता चिमा दुसऱ्या कुणाकडून करून घेणार नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ते त्यांनी विचारलं, तर आत्माराम एवढंच म्हणाला, की आंधळी राहिली तरी आई आहे, पण तुमच्या हातून काही झालं तर तुम्ही उरणार नाही.

त्याच दुपारी डॉक्टरांनी चिपळूणला उल्काला फोन लावला. उल्का तीन वर्षं त्यांच्याकडे शिकलेली, आता स्वतःचा दवाखाना चालवणारी. शिबिरात ती दुसऱ्या टेबलावर असायचीच. या वेळी दोन्ही टेबलं तुझी, असं ते म्हणाले. तिने कारण विचारलं आणि त्यांनी ते सांगितलं, हात थरथरतो या साध्या दोन शब्दांत. कुसुमताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर त्या आत गेल्या आणि चुलीपुढे बसून पदराने डोळे पुसत राहिल्या.

देवरूखच्या शाळेत गुरुवारी सकाळी बाकं भिंतीला लावून चाळीस माणसं बसली होती. लोकांना कसं सांगायचं याची डॉक्टरांनी रात्रभर जुळवाजुळव केली होती, ती तिथे एका वाक्यात संपली. काही कुरकुरले, दोघं उठून गेले, बाकीचे बसले. उल्काचे पहिले चार पेशंट नीट पार पडले. पाचवी चिमा. तिने टेबलावर चढायलाच नकार दिला.

आत्मारामने समजावलं, उल्काने समजावलं. चिमाचं एकच. देवीने कौल दिलाय तो ह्या बाईला दिलेला नाय. मी परत जातंय. काठी चाचपत ती दाराकडे वळली, आणि वळली तीही चुकीच्या बाजूला, भिंतीकडे.

डॉक्टर पुढे झाले. देवीशी वाद घालायची त्यांची इच्छा नव्हती आणि छातीही नव्हती. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि चिमाच्या हातात दिला.

"हाच तो हात, चिमाबाय. तुम्हीच बघा."

चिमाने तो दोन्ही तळव्यांत धरला. जन्मभर भात लावलेले, कापलेले, खरखरीत तळवे. हात तिच्या तळव्यांत थरथरत राहिला. तिने तो सोडला नाही की दाबलाही नाही. आजारी वासराच्या अंगावर हात ठेवून बसावं तशी ती उभी होती.

"कदीपासनं?" तिने विचारलं.

"पावसाळ्यापासून."

"आनि कुनाला सांगितला नाय."

"नाही."

चिमा म्हणाली, "देवीन हाताला कौल दिलान. सुरीला नाय. सुरी त्या पोरीकडं द्या. तुमी माजा हात धरून ऱ्हावा. सोडलात तर मी उठंन."

गुरवाने हे मान्य केलं असतं का, कोण जाणे. चिमा टेबलावर आडवी झाली, डोळ्याभोवती भुलीचं इंजेक्शन दिलं, तोंडावर पांढरा कपडा टाकला. डॉक्टर स्टूल ओढून शेजारी बसले आणि त्यांनी तिचा हात धरला. उल्काने सुरी उचलली. तिचा हात स्थिर होता. डॉक्टरांनी तो एकदा पाहून घेतला आणि मग तिकडे बघायचं सोडून दिलं.

चीर दिली जात असताना चिमाची बोटं आवळली. तिला दुखत नव्हतं, भूल नीट उतरली होती. तरीही ती पकड अशी, की डॉक्टरांच्या बोटांची हाडं एकमेकांवर घासली. टाका घालताना पुन्हा आवळली, दोरा ओढताना पुन्हा. तीस वर्षांत हजारो डोळे त्यांनी केले होते आणि प्रत्येक कपड्याखाली एक माणूस असा एकटा, मुठी आवळून पडलेला होता. त्यांना हे पुस्तकातून ठाऊक होतं. हातातून आजच कळलं. त्यांनी दुसरा हातही तिच्या मुठीवर ठेवला.

पट्टी बांधून झाली. आत्मारामने आईला उचलून बाजूच्या वर्गात नेलं. पुढचा पेशंट आणला गेला, मार्लेश्वराच्या बाजूचा कुणी धाकू नावाचा म्हातारा. तो टेबलावर पडला तेव्हा त्याचे दोन्ही हात पोटावर गच्च जुळलेले होते.

उल्का म्हणाली, "सर, आता तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल."

डॉक्टर उठले नाहीत. त्यांनी म्हाताऱ्याचा एक हात हळूच सोडवला आणि आपल्या हातात घेतला.