भिंतीवरचा डोंगर

कारवी फुलली त्या साली वाघ्याला मुलगी झाली. सात वर्षांनी डोंगर निळा झाला होता आणि कड्याकड्याला माश्यांनी पोळी लावली होती. फुलं गळून कारवी वाळू लागली, तशी वाघ्यानं तिच्या काठ्या तोडल्या आणि कोंडाण्याच्या लेण्यांखालच्या वाडीत नवं घर उभं केलं. कूड बांधून झाला, वर पेंढा चढला, चूल बसली. बायको चिमा मात्र तिथं नव्हती. ती बाळंतपणाला जांबरुंगच्या वाडीत, आईकडं गेली होती.

मार्गशीर्ष अर्धा सरला तेव्हा मेव्हण्याचा, शुक्राचा, निरोप आला. पोर महिन्याची झाली, चार दिवसांनी चिमाला घेऊन येतो. वाघ्या ऐकून हरखला. हरखून घरात शिरला आणि दारातच थबकला. कुडाला नुसता मातीचा गिलावा, तोही जागोजागी तडकलेला. लेक पहिल्यांदा घरात येणार आणि भिंती अशा उघड्याबोडक्या?

त्यांच्या वाडीत भिंती लिपायचं, गेरू फिरवायचं आणि तांदळाच्या पिठानं चित्रं लिहायचं काम बायकांचं. पण बायका सगळ्या खाली कर्जतकडं भाताच्या मळणीला गेलेल्या, आठ दिवस तरी यायच्या नव्हत्या. मागं उरली होती शेजारची ठकीआजी. वाघ्या तिच्याकडं गेला.

"आजी, आमच्या भिंती तेवढ्या लिहून देतेस?"

आजीनं आखडलेली बोटं त्याच्यापुढं धरली. "भाकर थापता येत नाय रं, मोर काय काढू? तूच काढ."

"मी? बापय माणसानं?"

"भिंतीला काय ठावं, हात बाईचा हाय का बापयाचा?"

दुसऱ्या दिवशी धुकं उतरायच्या आधीच वाघ्यानं शेणकाला कालवला. थंडी अशी की पहिल्यांदा हात घातला तेव्हा कोपरापर्यंत कळ गेली. पण दोन भिंती लिपून होईस्तोवर त्याच्या पाठीतून घाम निथळू लागला. तिसऱ्या दिवशी ओढ्यावरचा गेरू कुटून, भिजवून त्यानं चारही भिंतींना फासला. भिंती लाल झाल्या, वाघ्याही झाला. ठकीआजी दारातल्या उन्हात येऊन बसली होती. म्हणाली, "आता कोण घर नि कोण वाघ्या, कळंना."

चौथ्या दिवशी त्यानं तांदूळ वाटून घेतला, बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला केला आणि देवाचं नाव घेऊन चुलीमागच्या भिंतीवर मोर काढला.

आजीनं डोळे बारीक करून पाहिलं. "कोंबडी भिजली का रं ही?"

"मोर हाय तो!"

"असंल बाबा. पावसात सापडलेला असंल."

वाघ्यानं ओल्या फडक्यानं मोर पुसला. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. शेवटी कुंचला टाकून तो उकिडवा बसला.

"मला नाय येत, आजी."

"बायका जे लिवतात ते तुला कसं येईल? तुला काय येतं ते काढ की."

वाघ्याला काय येत होतं? त्याला डोंगर येत होता. मध काढणारा माणूस तो. कुठल्या कपारीत पाणी मुरतं, कुठल्या दगडाखाली खेकडा बसतो, भेकर कुठल्या वाटेनं पाण्यावर उतरतं, हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. त्यानं कुंचला उचलला. खाली उल्हास नदी काढली, तिच्यात मासे सोडले. नदीवरून वाडी, वाडीवरून लेणी, लेण्यांच्या बाजूनं वर चढणारी पायवाट. वाटेवर आवळा, हिरडा, वानरांचा आंबा. हात जसा चढणीला लागला तसा थांबेचना. एक भिंत संपली, डोंगर दुसऱ्या भिंतीवर वळला. अगदी वर, दाराच्या चौकटीपाशी, त्यानं तो मोठा कडा काढला. कड्याच्या माथ्यावर उंबर, उंबराच्या मुळाशी रुजलेला जाडजूड वेल, वेलाखाली आडवी कपार आणि कपारीच्या पोटाला लोंबणारी सात पोळी. प्रत्येक पोळ्याभोवती माश्यांचे ठिपके देता देता तो गुणगुणू लागला. आजी दारात बसल्या बसल्या डुलत होती, तीही मधेच सूर धरत होती.

पाचव्या दिवशी, ऊन कलायच्या आत, चिमा आली. कडेला झोळीत पोर, मागं डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेतलेला शुक्रा. ती उंबऱ्यात उभी राहून भिंती बघू लागली. वाघ्यानं ओलं फडकं उचललं.

"पुसू का?" त्यानं विचारलं.

"हात तर लावून बघा!" चिमा म्हणाली आणि हसत सुटली. हसता हसता भिंतीजवळ गेली. "ह्यो आपला पाणवठा! आणि ही कोण, डोईवर हंडा घेतलेली?"

"तू."

"इतकी जाडी?"

"पोर पोटात होती ना तवा."

मग चिमानं लेकीला उचलून भिंतीसमोर धरलं. पोरीला पांढऱ्या ठिपक्यांचं काय वाटलं कोण जाणे, पण ती टकामका बघत राहिली, आणि वाघ्याला वाटलं की तीन दिवस हात गोठवले त्याचं सोनं झालं.

वाडीतली उरलीसुरली माणसं जमली. जो तो आपलं घर, आपलं झाड शोधू लागला. शुक्रा तेवढा दाराच्या चौकटीपाशी उभा होता.

"दाजी, ह्यो उंबर कुठला म्हणायचा?"

"अरं, लेण्यांच्या डावीकडनं वर गेलास की पांढरा धोंडा लागतो. तिथनं सरळ वर," वाघ्या फुगून सांगू लागला.

"आणि ह्या वेलावरनं उतरायचं?"

"उतरलं की कपार. कपारीत उभं राहिलं की पोळं हाताला लागतं!"

"वा, दाजी. लई बेस काढलंय."

शुक्रानं तीन वर्षं याच कड्याची वाट काढायची खटपट केली होती. वाघ्याचा मध नेरळला जाई, तिथून छोट्या गाडीनं माथेरानच्या बंगल्यांत. एवढा मध हा आणतो कुठून, म्हणून शुक्रानं त्याला ताडी पाजून पाहिली होती, मागोमाग जाऊन पाहिलं होतं. वाघ्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं. आणि आज कौतुकाच्या भरात सगळा डोंगर पदरात घालून मोकळा झाला.

सकाळी चिमानं चुलीवर पाणी ठेवलं आणि विचारलं, "दादा कुठं गेला? आणि तुमचा मध भरायचा भोपळा दिसत नाय तो?"

वाघ्यानं खुंटीकडं पाहिलं, मग भिंतीकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "गं माझे आये! मीच दावलं की त्याला!"

चिमा हसू लागली. पण वाघ्याचं तोंड एकदम उतरलं. खुंटीवर दोर तसाच होता.

"दोर नाय नेला त्यानं! वेल कपारीपर्यंत पोचत नाय गं. दोन पुरुष वरच संपतो. मी टोकाला दोर बांधून उतरतो."

"भिंतीवर तर पोचलाय."

"चौकट आली मधी! जागा संपली, म्हणून जरा जवळ घेतलं."

सवयीनं विळा नि गवताची पेंढी कमरेला खोवून, दोर खांद्यावर टाकून तो पळत सुटला. धुक्यात धोंडे ओले होते, दोनदा घसरला, ढोपर फुटलं. उंबराशी पोचल्यावर त्यानं पालथं पडून खाली वाकून पाहिलं.

"शुक्रा! अरं शुक्रा!"

"दाजी!" खालून आवाज आला. रडवेला होता, पण धडधाकट. "दाजी, तुमची भिंत खोटी हाय!"

वेल संपल्यावर शुक्रा थोडा वेळ लोंबकळला होता. हात सुटले आणि तो धपकन कपारीत पडला होता. आता वर चढता येत नव्हतं, खाली तर ताडामाडाएवढी दरी. थंडीनं माश्या सुस्त होत्या म्हणून वाचला. तरी एकीनं डोळ्यावर डंख मारलाच होता.

वाघ्याला एवढं हसू आलं की उंबराला धरून बसावं लागलं. राग आला होता तो कुठं गेला, त्यालाच कळलं नाही.

"थांब, येतो. हलू नकोस."

वेलाला दोर बांधून तो उतरला. शुक्रानं त्याला मिठीच मारली. मान खाली घालून म्हणाला, "दाजी, चुकलो."

"बरं, आलाच हायस तर धूर धर."

वाघ्यानं कमरेची गवताची पेंढी पेटवून त्याच्या हातात दिली. एकानं धूर केला, एकानं विळा चालवला. एकट्याला जे काम दुपारपर्यंत पुरायचं, ते ऊन तापायच्या आत उरकलं. सातातली तीनच पोळी त्यांनी घेतली, चार माश्यांना ठेवली. भोपळा काठोकाठ भरला, वर पानांचे दोन द्रोणही भरले.

वाडीत परतले तेव्हा शुक्राचा एक डोळा मिटलेला होता आणि वाघ्याचा कान वांग्याएवढा सुजलेला. चिमानं भावाला आधी पोटभर शिव्या घातल्या, मग डंखावर चुना लावला. दुपारी घरासमोर वाडीत होती तेवढी माणसं बसली. कारवीचा मध, घट्ट आणि गर्द, पानापानावर वाढला. ठकीआजीनं बोट चाटून विचारलं, "आता ह्यो कडा कुणाचा रं?"

"दोघांचा," वाघ्या म्हणाला. "एकट्यानं हसायला मजा नाय तिथं."

शुक्रा दोन दिवस राहिला. निघताना डोकं खाजवत म्हणाला, "दाजी, माघात माझं लगीन. घराच्या भिंती लिवायला येताल?"

"बायका हायत की तुमच्याकडं."

"त्या मोर काढतील. मला आमच्या बाजूचा डोंगर पायजे. पण मापात काढा, बाबा!"

माघात वाघ्या निघाला. काखेत गेरूचं गाठोडं, कानावर बांबूची काडी. बरोबर चिमा, तिच्या पाठीला पोर. नदीच्या उतारावर वाडीतल्या बायका भेटल्या.

"वाघ्या, कुठं चाललास रं?"

"भिंती लिवायला," वाघ्यानं मोठ्यानं सांगितलं आणि धोतर आवरून पाण्यात पाय घातला.