वगळलेलं नाव

"प्रशस्ती म्हणजे राजाच्या पदरी असलेल्या कवीनं गायलेले गोडवे," बाई वर्गाला सांगत होत्या. "आपण शिकतोय त्या साम्राज्याबद्दल जे जुनं लिखाण हाती लागतं, त्यात असलंच फार. मग त्यातून इतिहास काढायचा कसा?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "कवीनं कुणाला वगळलं, ते आधी बघायचं."

"वा! हे कुणी शिकवलं तुला?"

"आधीच्या सरांनी."

फळ्यावरचा खडू जागीच थांबला. विभागप्रमुखांशी वाजलं म्हणून त्या सरांची तडकाफडकी उचलबांगडी झाली, तेव्हा बाईंनी ब्रसुद्धा काढला नव्हता. आणि काल प्रमुखांच्या निरोप समारंभात त्यांचं मानपत्र बाईंनीच लिहून खणखणीत आवाजात वाचलं होतं. जुन्या पोथ्यांची विभागातली थोरली सूची सरांनी याच मुलांना हाताशी घेऊन डोळे फोडून केलेली, हे पक्कं ठाऊक असूनही मानपत्रात ती प्रमुखांच्या नावावर घातली होती. मेला हात जरासुद्धा अडखळला नव्हता!

काल हीच मुलं समोर बसून टाळ्या वाजवत होती. बाई हळूच वळल्या. कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं. बाईंची लाज राखायला अख्ख्या वर्गानं माना खाली घातल्या होत्या.